सेकंडहँड डिझेल गाडी: मीटर मागे केलंय का, कसं ओळखायचं?

पहिलीच_गाडी
पुण्यात एका एजंटकडे २०१८ ची डिझेल हॅचबॅक बघतोय. मीटरवर ४१,००० किमी, फर्स्ट ओनर. आतून चकाचक, टायरही चांगले. सर्व्हिस बुक हरवलंय म्हणतात. टोकन देण्याआधी नेमकं काय तपासू?

जॉबकार्ड
आधी टायर बघा. टायरच्या बाजूवर डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे असतात. ३२२१ म्हणजे २०२१ चा ३२ वा आठवडा. चारही टायर त्या सुमाराचे निघाले, तर कंपनीचे टायर तीन वर्षांत संपले. टायर साधारण ४०-५० हजार चालतात, मग आज मीटरवर ४१ हजारच कसे?

सर्व्हिस बुक हरवलं म्हणून नोंद हरवत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या प्रत्येक जॉब कार्डवर (दर सर्व्हिसला बनणारा कामाचा कागद) तारीख आणि किमी असतात आणि गाडीच्या नंबरवरून ती काढता येतात. मूळ मालकाला सोबत न्या, तिऱ्हाइताला माहिती द्यायला ते कां-कूं करतात. आकडा कुठे मागे गेलाय ते बघाच, पण नोंदी अचानक कुठे थांबल्यात तेही बघा. मीटरला हात लावायचा असला की गाडी बाहेरच्या गॅरेजला जायला लागते.

स्कॅनर_टूल
डिजिटल मीटरचा आकडा क्लस्टरमधल्या (स्टिअरिंगसमोरचं मीटरचं पॅनेल) छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. तो बदलणं सोपं आहे. पण कित्येक मॉडेलमध्ये किमीची नोंद इंजिन ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), एबीएस (ब्रेकची यंत्रणा) अशा इतर मॉड्युलमध्येही राहते आणि ती बदलायचं बहुतेक जण विसरतात. ती वाचायला त्या कंपनीच्या गाड्यांचा पूर्ण स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा.

स्वस्तातल्या ईएलएम३२७ वरही (गाडीचा कॉम्प्युटर मोबाइलवर वाचायचं छोटं ॲडॉप्टर) एक गोष्ट बघता येते. स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला (तपासणीचं सॉकेट) लावा, इग्निशन ऑन करा आणि मोबाइल ॲपमध्ये ‘डिस्टन्स सिन्स कोड्स क्लिअर्ड’ (बिघाडाचे कोड पुसल्यापासून गाडी किती चालली) शोधा. तिथे ५८,२०० आणि मीटरवर ४१,००० असेल तर विषय संपला, मीटर मागे केलंय. उलट आकडा कमी आला तर काहीच सिद्ध होत नाही. कोड क्लिअर केले की तो शून्यावर येतो आणि ६५,५३५ च्या पुढे जातही नाही.

क्लेम_सर्व्हे
पेडलचे रबर, सीट कव्हर, स्टिअरिंग कव्हर यांवर जाऊ नका, सगळं एका दुपारीत नवं होतं. मालकाकडून विम्याचे कागद मागा. क्लेम झाला असेल तर सर्व्हे रिपोर्टमध्ये रीडिंग असतं. पॉलिसी मधल्या काळात खंडित झाली असेल तर इन्स्पेक्शनच्या फोटोंत मीटरही असतं.

फास्टॅगचं स्टेटमेंटही घ्या. पुणे-मुंबई जाऊन-येऊन सुमारे ३०० किमी. खालापूर-तळेगाव टोलनाक्यांच्या नोंदींवरून महिन्याला सहा फेऱ्या दिसल्या, तर वर्षाला २१,६०० किमी नुसत्या त्या रस्त्यावर. दोन वर्षांतच ४१ हजार पार!

करारनाम्यात आजचं रीडिंग लिहा, सोबत “मीटरमध्ये फेरफार वा बदल केलेला नाही, तसे आढळल्यास पूर्ण रक्कम परत” हे वाक्य घाला. मालक आणि एजंट दोघांच्या सह्या हव्यात. पुढे ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर हाच कागद लागतो. तक्रारीची मुदत दोन वर्षं.

पहिलीच_गाडी
एजंट मालकाचा नंबर द्यायला तयार नाही.

जॉबकार्ड
मग टोकन देऊ नका. जॉब कार्ड, विमा, फास्टॅग, तिन्ही नोंदी मालकाकरवीच निघतात.