लाख नव्हे, उरुशी
'जपानी लाखेची चित्रं उन्हात वाळवतात का?' असं एकाने विचारलंय. एक तर ही आपली किड्यांची लाख नव्हे. उरुशी म्हणजे झाडाचा चीक. झाड आंबा-बिब्ब्याच्याच कुळातलं, त्यामुळे कच्चा चीक अंगावर बिब्ब्यासारखाच उततो! आणि तो घट्ट होतो दमट कपाटात, उन्हात नाही.

शिबाता झेशिन (१८०७–१८९१) यातला उस्ताद. गड्याने उरुशीने चक्क कागदावर चित्रं काढली, गुंडाळली तरी तडकणार नाहीत अशी. १८७३च्या व्हिएन्ना प्रदर्शनात त्याचं तागोनोउरा किनाऱ्यावरून दिसणाऱ्या फुजी पर्वताचं लाखचित्र होतं. मला गंमत वाटते ती फुजीवरच्या बर्फाची. चीक मुळात तपकिरी, त्यात शुभ्र पांढरा रंग साधतच नाही. मग पांढऱ्यासाठी चांदीची पूड, नाहीतर अंड्याच्या कवचाचे बारीक तुकडे.