ठेकेदार बुडाला तर वर्ग कुठे भरवायचा?

सरकारी शाळा खासगी कंपनीशी भागीदारी करून बांधली की जोखीम त्या कंपनीच्या डोक्यावर, असं सांगतात. कागदावर खरं आहे. पण कंपनीच बुडाली तर जोखीम फिरून सरकारच्याच दारात येते. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१८ ला कॅरिलियन ही सरकारी बांधकामं आणि सेवांचे ठेके घेणारी मोठी कंपनी बुडाली, तेव्हा शाळांमधली जेवणं चालू ठेवायला सरकारलाच धावावं लागलं. कंपनी बुडाली नाही तरी काम कच्चं निघू शकतं: स्कॉटलंडमधल्या एडिनबरात २०१६ मध्ये वादळात अशा भागीदारीतल्या शाळेची भिंत कोसळली. भिंतीचे थर बांधून ठेवणारे धातूचे दुवे नीट बसवलेलेच नव्हते. मग अशाच भागीदारीतल्या १७ शाळा बंद ठेवल्या.

आमच्याकडे, दापोलीच्या किनाऱ्यावर, निसर्ग वादळानंतर शाळेचं नवं काम निघालं. भागीदारी नव्हे, साधा ठेका. ठेकेदार कॉलम उभे करून गेला तो गेलाच. खाऱ्या वाऱ्याने सळया अशा गंजल्यात की हात लावला तर पापुद्रे हातात येतात. पोरं देवळाच्या सभामंडपात बसतात, भजनाच्या दिवशी लवकर सुटतात. नवा ठेकेदार म्हणतो, या सळयांवर मी पुढे बांधणार नाही. बरोबरच आहे त्याचं.

म्हणून करारात आधी हे पाहा: बँक गॅरंटी (ठेकेदाराने काम सोडलं तर बँक भरून देईल ती रक्कम) किती, काम अर्धवट सुटलं तर जागेचा ताबा किती दिवसांत परत, आणि तोवर मुलं कुठे बसणार.