टिनाखालच्या खोलीत कस्टम वॉटर लूप करावा का?

एडिट_आर्वीवाला:
आर्वीपासून आत गाव आहे आमचं. लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग करतो. मशीनचा सीपीयू रायझन 9 7950एक्स, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स 3080, सीपीयूवर दोन पंख्यांचा, हवेनं थंड करणारा टॉवर कूलर. खोलीवर टिन, टिनाखाली बारदान. लग्नं सगळी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे मशीनला राबायचं तेव्हाच ऊन डोक्यावर. दुपारी दोनला एक्सपोर्ट (तयार व्हिडिओची फाइल काढणं) लावला की सीपीयू 95 वर चिकटतो, कार्डाचे पंखे पिठाच्या गिरणीसारखे ओरडतात, आणि रात्री चाळीस मिनिटांत होणारं काम तासावर जातं.

बेत असा, चिपची उष्णता पाण्यानं उचलून रेडिएटरमध्ये सोडायची: 360 मिमीचे (तीन पंख्यांचे) दोन रेडिएटर, डी5 पंप आणि टाकी एकत्र, सीपीयू आणि कार्ड दोन्हीला ब्लॉक (आतून पाणी फिरणारा धातूचा ठोकळा), आत 10 आणि बाहेर 16 मिमीची मऊ ट्यूब. साठ हजारांच्या आत बसवतोय. घरचे म्हणतात पोरगं येडं झालं. तुम्ही सांगा.

डीपी_जळाली:
घरचे बरोबर म्हणून राहिले भाऊ. साठ हजारात एसी येते अन् वरून पैसे उरते. लूपमधलं पाणी काय फ्रीजमधून येऊन राहिलं का? ते तुह्या खोलीतल्याच हवेनं थंड होते. खोली 40 वर असली तर पाणी 40 च्या खाली जाऊच शकत नाही, लोडवर दहा-एक डिग्री वरच राहीन. म्हणजे साठ हजार देऊन तू 50 डिग्रीचं पाणी गोल गोल फिरवशीन.

एडिट_आर्वीवाला:
एसीचं आधीच पाहिलं. दुपारी व्होल्टेज 170 ला उतरतं, शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर उचलतच नाही, नुसता हुंकार देतो. माझ्या खोलीत खिडकीला डेझर्ट कूलर आहे. तो चालू असला की आत 34-36 राहतं.

ब्लॉक_आणि_ट्यूब:
डीपीभाऊंचा पाया बरोबर, पण निष्कर्ष घाईचा. हवेनं कार्ड 80-82 ला जातं आणि पंखे पूर्ण ताकदीनं फिरून जेमतेम तिथं टिकतात. पाणी 45 चं धरलं तरी ब्लॉकखाली चिप 60 च्या आसपास राहील. शिवाय 3080 ची जीडीडीआर6एक्स मेमरी हेच खरं दुखणं. ती हवेवर शंभरीला टेकते, पूर्ण ब्लॉक बसला की तिलाही पाणी मिळतं. 320 वॉटचं कार्ड आणि पूर्ण लोडवर 230 वॉट ओढणारा सीपीयू मिळून 550 वॉट. रेडिएटरच्या 120 मिमीच्या एका पंख्याच्या खणाला 100 वॉट असा ढोबळ हिशेब धरला तर तुमचे सहा खण पुरतात, पंखे हळू ठेवूनही.

मात्र सीपीयूकडून फार आशा ठेवू नका. 7950एक्सची चिप लहान आणि वरचं झाकण जाड, उष्णता झाकणाबाहेर यायलाच अडते. तो 95 पर्यंत जाण्यासाठीच बनवलाय. गार पाणी दिलं तर जास्त क्लॉक (वेग) घेईल आणि पुन्हा 95 कडेच धावेल.

डीपी_जळाली:
म्हणजे अर्धा लूप फुकटच. हे तुम्हीच बोलले.

एडिट_आर्वीवाला:
एक डोक्यात आलं. भिंतीला भोक पाडून रेडिएटर बाहेर पडवीत, उत्तरेच्या सावलीत ठेवला तर? गरमी खोलीत राहणारच नाही.

ब्लॉक_आणि_ट्यूब:
थंडीत झकास. मे महिन्यात उलटं पडेल. आत कूलरमुळे 35, बाहेर सावलीतसुद्धा 44-45. आतल्या रेडिएटरचं पाणी 45, बाहेरच्याचं 55. डी5 ला 60 पर्यंतचंच पाणी चालतं, आणि पुढेमागे हौसेनं पेटीजी प्लास्टिकच्या कडक ट्यूब घातल्यात तर त्या साठच्या आसपास मऊ पडून फिटिंगमधून निसटतात. डेझर्ट कूलर तसाही आतली हवा दुसऱ्या दारानं बाहेर ढकलतो, 550 वॉट त्याच्यासोबत निघून जातील. फक्त ते दार उघडं ठेवा. लोक दार लावून कूलर चालवतात आणि मग चिकचिक होते म्हणतात.

ताटी_बदलणारा:
कूलरची ओली हवा थेट रेडिएटरवर? आत दव धरेल ना, बोर्ड गेला समजा.

ब्लॉक_आणि_ट्यूब:
दव धरायला पृष्ठभाग हवेपेक्षा गार लागतो, तोही दवबिंदूच्या खाली. लूपमधलं पाणी नेहमी हवेपेक्षा गरम. दव धरणारच नाही.

ताटी_बदलणारा:
बरं, दव मागे घेतो. पण माझं म्हणणं अर्धंच ऐकलंत. कूलर दुरुस्तीचंच काम आहे माझं. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलरची ताटी, म्हणजे पाण्यानं भिजणारं गवत, दोन महिन्यांत पांढरी आणि कडक होते, पोपडे निघतात. पंप जोरात असला की बारीक तुषार उडतात. ते वाळले की मागे क्षार राहतो, आणि हा क्षार तुमच्या रेडिएटरच्या पात्यांवर बसणार, बोर्डावरही. म्हणून मशीन झोतात नको, झोताच्या बाजूला.

आणि लूपमध्ये ते पाणी चुकूनही घालू नका. आरओचंही नको, त्यात क्षार उरतातच. इन्व्हर्टरच्या बॅटरीत टाकतात ते डिस्टिल्ड आणा. पण कॅन वाचून घ्या, त्याच दुकानात तशाच कॅनमध्ये ॲसिडही असतं.

कुटार_आणि_धूळ:
पाण्यावर माझंही ऐका. डिस्टिल्ड आहे, वीज वाहत नाही, गळलं तर चालते, असं लोक छातीठोक सांगतात. ब्लॉकमधून चार दिवस फिरलं की धातूचे आयन घेते अन् वाहायला लागते. त्यात शेवाळ न धरायचं औषध अन् गंज थांबवायचं रसायन टाकाच. आमच्या एका दोस्तानं स्वस्तातला ॲल्युमिनियमचा रेडिएटर तांब्याच्या ब्लॉकसंग जोडला. सहा महिन्यांनी टाकी उघडली तर पाण्यात राखाडी गाळ, रेडिएटरला आतून खड्डे. दोन धातू अन् मधी पाणी, बॅटरीच झाली ना ती. तांबं-पितळ असलं तर सगळं तांबं-पितळच.

अन् धुळीचं कोणी बोललंच नाही. सोयाबीन काढताना कुटार उडते, मग कापूस, मग तूर. ट्रॅक्टरच्या रेडिएटरले जशी गोधडी धरते तशीच ह्याले धरते. पाती विरळ असलेला रेडिएटर पाह्य, ब्रशनं साफ तरी होते.

डीपी_जळाली:
धूळ पुसता येते हो. उंदराचं काय?

माह्या मशीनमध्ये बंद सीलवालं वॉटर कूलर होतं, 240 चं. मांगच्या दिवाळीत कापूस घरात भरला होता, त्याच खोलीत मशीन. सकाळी चालू केलं, दोन मिनटात बंद. झाकण उघडलं तर रबराची नळी मधात कुरतडलेली, तीन ठिकाणी दाताचे निशान, अन् खाली पॉवर सप्लायवर पाणी वाळून गेलेलं. पाणी लई नव्हतं, वाटीभर असन. पण सप्लाय गेला, बोर्डही गेला. दुकानदार म्हणे उंदरानं कुरतडलं ते वारंटीत नाही. बरोबरच हाय म्हणा त्याचं. तवापासून माह्याकडं धातूचा टॉवर कूलर. उंदीर आला तर दात पडन त्याचा.

एडिट_आर्वीवाला:
आमच्याकडे मांजर आहे.

डीपी_जळाली:
आमच्याकडंही होती.

ब्लॉक_आणि_ट्यूब:
यावर मला उत्तर नाही, जाळीचं कॅबिनेट आणि मागची भोकं बंद करणं एवढंच. गळती तपासायचं मात्र सांगतो. पहिल्यांदा भराल तेव्हा बोर्डाला वीज द्यायचीच नाही. सप्लायच्या 24 पिनच्या जोडणीला जम्पर लावून फक्त पंप चालवायचा, प्रत्येक फिटिंगखाली टिश्यूचा तुकडा, आणि चोवीस तास तसंच. पंप कोरडा फिरवू नका, टाकी पंपाच्या वर हवी. पंपाच्या वेगाची तार बोर्डाच्या सीपीयू फॅन पिनला जोडा, म्हणजे पंप सुरूच झाला नाही तर मशीन चालू होतानाच बोंब मारेल.

एडिट_आर्वीवाला:
क्रम कसा? आधी सीपीयू, मग रेडिएटर, मग कार्ड, मग दुसरा रेडिएटर, असं केलं तर कार्डाला गार पाणी मिळेल.

ब्लॉक_आणि_ट्यूब:
मिनिटाला चार लिटर पाणी फिरतंय असं धरा. 320 वॉटनं ते पाणी एका फेरीत सव्वा डिग्रीपेक्षाही कमी तापतं. कुठलाही क्रम लावा, फरक हाताला कळणार नाही. ट्यूब छोट्यात छोटी आणि न मुडपता जाईल तो क्रम.

कुटार_आणि_धूळ:
एवढं गणित लावण्यापरीस सीपीयूले बायोसात (बोर्डाच्या सेटिंगात) इको मोड, कमी वीज घेणारा, लाव ना भाऊ. नावानं 105 वॉटवाला, पण खरी ओढ 230 ची 142 वर येते, एक्सपोर्टमध्ये थोडाच फरक पडते. पैसा एक लागत नाही.

एडिट_आर्वीवाला:
कालच्या दुपारचं सांगतो. भिंतीवरचा थर्मामीटर काढून कॅबिनेटची हवा ओढणाऱ्या जाळीपाशी ठेवला. खोलीत 36, जाळीपाशी 42! कॅबिनेट कपाट आणि यूपीएसच्या मधात कोंबलेलं होतं, स्वतःचीच गरम हवा परत ओढत होतं. दोन फूट पुढे सरकवलं, झोताच्या बाजूला, मागचं दार उघडं, सीपीयू इको मोडवर. तोच एक्सपोर्ट दुपारी अडीचला 47 मिनिटांत झाला. सीपीयू 78. कार्ड अजून 79, आणि गिरणी चालूच.

तर सीपीयू टॉवर कूलरवरच राहील. लूप फक्त कार्डाला, एक 360 आणि एक 240, सगळं तांब्याचं. तेही कापूस विकल्यावर.

डीपी_जळाली:
म्हणजे करशीनच.

एडिट_आर्वीवाला:
हाव. यंदा कापूस दुसऱ्या खोलीत भरतो.