मदत हवी आहे: संक्रांतीच्या वाणासाठी रुमालावर फुलांचे छाप, पण धुतलं की रंग जातोय

गच्चीवाली_जुळेसोलापूर

नमस्कार मंडळी,

यंदा हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या चाळण्या आणि डबे लुटायचे नाहीत, असं मी आणि जाऊबाईंनी ठरवलंय. आतापर्यंत मिळालेल्या वाणांनी स्वयंपाकघरातला एक अख्खा कप्पा अडलाय, आणि त्यातलं अर्धं आम्हीच पुढे कुणाला तरी दिलेलं फिरून आलंय अशी शंका आहे. म्हणून गच्चीवरच्या कुंड्यांतली फुलं-पानं ठोकून सुती रुमाल छापायचे आणि तिळगुळासोबत द्यायचे, असा बेत आहे. पंचवीस-तीस बायका येतात.

कापड टॉवेलच्या कारखान्यात ओळखीने मिळालं. पांढरटसर, कोरं, अजून काहीच प्रक्रिया न झालेलं. पाटावर कापड, त्यावर फूल पालथं, वर वहीचा कागद आणि मग हातोडीने हळूहळू ठोकायचं. छाप उमटतो तेव्हा जीव हरखून जातो. गोकर्णाच्या पाकळीतली शीर न् शीर दिसते, मधला पिवळट ठिपकासुद्धा.

अडचण पुढे आहे. साध्या पाण्यातून काढलं तरी गोकर्णाचा निळा हिरवट-राखाडी होतो. जास्वंदीचा लाल आधी जांभळा आणि वाळल्यावर चहा सांडल्यासारखा. झेंडू निम्मा उतरतो. पानांचं हिरवं त्यातल्या त्यात राहतं, पण कडा फुटतात. नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे धुणं बोअरच्या पाण्यातच होतं.

व्हिडिओत कुणी मीठ सांगतं, कुणी व्हिनेगर, कुणी दोन्ही. नक्की काय करायचं? कुंड्यांत गोकर्ण, जास्वंद, झेंडू, बोगनवेल, कढीपत्ता आहे. शेजारी शेवगा आणि डाळिंब आहे, पानं तोडायची परवानगी मिळालीय. भोगीच्या आत सगळं उरकायला हवं, नंतर पाहुणे सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्याला, येऊन थडकतात.

मृण्मयी_कोथरूड

मी मीठच घालते. नवीन कपडे मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात ना, तसंच. करून बघा.

रंगखान्यातला_माणूस

मिठाचं आधी सांगतो. कारखान्यात रंगाच्या टाकीत मीठ घालतात, खरंय. पण ते रासायनिक रंग सुताकडे ढकलायला. फुलाच्या रंगाला त्याचा काडीचा उपयोग नाही. व्हिनेगरने गोकर्ण गुलाबी-जांभळा होईल, टिकणार नाही.

आता ताई, तुमचं कापड. काय करलालाव ओ, कोऱ्या कापडावर छाप मारलालाव! मागावर चढायच्या आधी ताण्याला, म्हणजे उभ्या सुताला, खळ देतात, ती त्यात तशीच आहे. शिवाय कापसाचा स्वतःचा मेणटपणा असतोच. रंग सुतावर बसत नाही, खळीवर बसतो, आणि पाण्यात खळ सुटली की तिच्याबरोबर जातो. खात्री करायची तर कापड ताणून धरा आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब गोल, तसाच वर उभा राहिला तर कापड कच्चं आहे. टेकल्या टेकल्या पसरून आत गेला तर तयार.

१० लिटर पाण्याला २५-३० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि मूठभर साबणाचा चुरा टाकून तासभर उकळा. पाणी चहासारखं पिवळं झालं तर घाबरू नका, ती घाण निघते. मग दोन-तीन पाण्यांत खळबळून पुन्हा थेंब टाकून बघा.

त्यानंतर दोन पायऱ्या. फुलाचा रंग सुताला बांधायला तुरटी लागते, पण सूत तुरटीला एकटं नीट धरत नाही, मध्ये काहीतरी तुरट लागतं. जुने लोक हिरडा वापरायचे, काष्ठौषधीच्या दुकानात पूड मिळते. कोरडं कापड तोला. तीस छोटे रुमाल असतील तर ३००-३५० ग्रॅमच्या आसपास भरतील. १०० ग्रॅम कापडाला १५-२० ग्रॅम हिरडापूड गरम पाण्यात कालवून कापड रात्रभर भिजत ठेवा. सकाळी पिळून, न धुता सावलीत वाळवा. मग १०० ग्रॅमला १५ ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात तीन-चार तास, आणि परत वाळवा. भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकची बादली. लोखंडाची कढई किंवा गंजकी बादली अजिबात नको, हिरड्याला लोखंड लागलं की काळं पडतं. पूर्वी शाई अशीच करायचे.

हिरडा नको असेल तर डाळिंबाची सालं घ्या. आपल्या सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, सालीला मात्र अजून उकिरडाच. वाळलेली साल उकळून गाळलेलं पाणी हिरड्याच्या जागी चालतं. कापडाला जरा पिवळट झाक येईल, ती मला तरी पांढऱ्यापेक्षा बरी दिसते.

वनस्पतीशास्त्र_निवृत्त

वरच्या काकांनी कापडाचं सांगितलं, मी फुलाचं सांगते. गोकर्ण आणि जास्वंद यांच्या पाकळ्यांत अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य असतं. ते पाण्यात विरघळतं, उन्हात उडतं आणि आम्ल-अल्कली बदललं की रंग बदलतं. गोकर्णाच्या निळ्या पाण्यात लिंबू पिळून बघा, जांभळं होईल. खायचा सोडा टाका, हिरवं. बोअरच्या जड पाण्यात तुमचं निळं हिरवट का झालं, ते त्यात आलं. या दोघांना कापडावर आणण्याचा हट्ट सोडा, तुरटीनेही फार दिवस राहणार नाहीत. बोगनवेलीचा गुलाबी वेगळ्या जातीचा, पण तोही धुण्यात जातो.

झेंडूचं तसं नाही. त्यातली पिवळी द्रव्यं तुरटीशी घट्ट बांधली जातात. तोच घ्या. पानांत डाळिंब, गुलाब घ्या, त्यांच्यात तुरटपणा असल्याने छाप धरतात. शेवग्याची बारीक पानं दिसायला फार गोड, पण हलक्या हाताने ठोका. जास्वंदीचं पान चिकट आहे, बुळबुळीत होतं.

गोकर्ण वाया घालवू नका. वर्तमानपत्राच्या घड्यांत ठेवून वर जाड पुस्तकं ठेवा आणि पहिले तीन-चार दिवस रोज कागद बदला. ओल राहिली की बुरशी आणि काळे डाग ठरलेले. सोलापूरची डिसेंबरची कोरडी हवा याला उत्तम. चपटी झालेली फुलं वाणाच्या चिठ्ठीवर लावा, फेविकॉल पाण्यात पातळ करून ब्रशने. बोगनवेलीचं रंगीत पान मुळातच कागदासारखं आहे, ते काहीही न करता वाळतं.

पूर्वभागातली_लेक

ताई, आमच्याकडे नवरात्रात बतकम्मा, म्हणजे फुलांची उतरंड, रचतो ना, त्यातलं कुरडूचं फूल माहीत असेल तुम्हाला. तरवडाची पिवळी फुलं आठवड्यात मान टाकतात, पण कुरडू वाळला तरी तसाच उभा राहतो, खालून पांढरा, शेंड्याला गुलाबी. आई वाळलेल्या तुऱ्यांची जुडी करून देवघराशेजारी ठेवते. बांधावर आता वाळलेले तुरे सापडतील. खाली डोकं करून टांगा, बी झडून जाऊ द्या (नाहीतर घरभर काळी बारीक मोहरी सापडत राहते), आणि रुमालाच्या गुंडाळीला दोऱ्याने एकेक तुरा बांधा. रिबीन विकत आणावी लागणार नाही.

गच्चीवाली_जुळेसोलापूर

काका, थेंब टाकला. उभाच राहिला की ओ! कापड आज उकळतेय, पाणी खरंच पिवळं झालंय. डाळिंबाची साल ओली चालेल का? आणि झेंडू ठोकला की पाकळ्यांचा लगदा होतो, फुलासारखं दिसतच नाही. जाऊबाई म्हणतात गंजके खिळे टाकलेल्या पाण्यात बुडवलं की हिरवट रंग येतो. करू का?

रंगखान्यातला_माणूस

साल ओली चालते, दुप्पट घ्या.

झेंडू ठोकू नका. तुरटी झालेलं कापड ओलं करून घट्ट पिळा, पाकळ्या सुट्या करून त्यावर विखरा, मध्ये डाळिंबाची पानं ठेवा. कापडाची करकचून गुंडाळी करा, दोऱ्याने बांधा आणि मोदकपात्रात तासभर वाफवा. गार झाल्यावर, जमलं तर दुसऱ्या दिवशी सोडा. पाकळीचा ठसा जसाच्या तसा येतो, आणि वाफेने रंगही मुरतो. मोदकपात्र जुनं घ्या, नंतर त्यात मोदक नको.

खिळ्यांचं पाणी आख्ख्या रुमालाला नको. हिरडा किंवा साल लावलेलं कापड त्यात घातलं की पिवळं मेंदीसारखं होईल हे खरं, पण रिकामी जागाही सगळी राखाडी होईल. संक्रांतीला काळं चालतं, हळदीकुंकवाच्या वाणात जाऊबाईंना चालत असेल तर बघा. हौस असेल तर चमचाभर पाणी ब्रशने फक्त पानाच्या कडेला फिरवा. जास्त झालं तर पुढे सूत कुजतं.

धुताना डिटर्जंट नको, सोड्याने रंग फिरतो. रिठ्याचं पाणी, आणि सावलीत वाळवणं. वाण देताना बायकांना तेवढं सांगा.

गच्चीवाली_जुळेसोलापूर

चिठ्ठीवरच लिहिते. जाऊबाईंचं अक्षर चांगलं आहे, ते काम त्यांना लावलंय. रिठे आमच्या भागात नाहीत, मंगळवार पेठेत बघते.