४२९४९६७२९७ आणि ६४१

'६४१ सापडेपर्यंत ४२९४९६७२९७ ला प्रत्येक मूळ संख्येने भागत बसण्याला पर्याय नाही' असं एक मत वाचलं, ते पटलं नाही. ४२९४९६७२९७ म्हणजे २^३२ + १, आणि तिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागलं की बाकी १च उरते, हे गणितज्ञ ऑयलरनेच सिद्ध केलंय. तशा मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि मग लगेच ६४१. पाचव्याच प्रयत्नात काम फत्ते!

मला त्याहून आवडते ती भागाकाराशिवायची सिद्धता. ६४१ = ५ × २^७ + १, शिवाय ६४१ = ५^४ + २^४. पहिल्यावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागल्यास बाकी −१ (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी), म्हणून चौथा घात केला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ आणि −२^४ ची बाकी सारखीच, म्हणून आता ५^४ च्या जागी −२^४ घाला: −२^३२ ची बाकी १, म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. उरलेला विभाजक ६७००४१७, तोही मूळच.