मदत हवी आहे: प्रदर्शन संपल्याच्या रात्री ट्रक थांबवायचे कुठे?

नमस्कार मंडळी,

उपनगरातल्या एका संमेलन व प्रदर्शन केंद्राच्या प्राथमिक आराखड्यावर काम करते आहे. माझ्याकडे वाहतूक आणि मालाची ने-आण. याआधी शाळा आणि कार्यालयांच्या इमारती केल्यात, प्रदर्शनाचं दालन पहिलंच.

वाहतुकीचा अभ्यास झालाय तो प्रदर्शन चालू असतानाचा: किती लोक येतील, किती गाड्या लागतील. मला धास्ती आहे ती शेवटच्या संध्याकाळची. स्टॉल उभारायला दोन-तीन दिवस मिळतात, त्यामुळे ट्रक विभागून येतात. उतरवताना मात्र सगळ्यांना त्याच रात्री माल काढायचा असतो, कारण दालन पुढच्या आयोजकाला द्यायचं असतं. आमच्याकडे माल चढवायचे धक्के 12. बाकीचे ट्रक रस्त्यावर रांग लावणार, आणि तो रस्ता वस्तीतून जातो. तिथल्या लोकांची झोप आपल्या नकाशामुळे मोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेस या प्रदर्शन केंद्राला ट्रकसाठी वेगळं आवार आहे. ट्रक आधी तिथे नोंद करतो आणि बोलावणं आलं की दालनाकडे निघतो. मी तेवढी जागा मागितली, तर प्रकल्पाचे मालक म्हणतात, ती पार्किंगला लागेल. त्यांचंही अगदीच चूक नाही. मेट्रो मागाहून येणार आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमचं एनईसी हे प्रदर्शन केंद्र आणि त्याचं रेल्वे स्थानक एकाच वर्षी, 1976 मध्ये, सुरू झालं. म्युनिकचं केंद्र रीमच्या जुन्या विमानतळावर 1998 मध्ये सुरू झालं आणि मेट्रो पोचली 1999 मध्ये. आमचंही म्युनिकसारखंच होणार, म्हणजे सुरुवातीला लोक गाड्या घेऊनच येणार.

म्हणून असं सुचलं की लोकांचं पार्किंगच रात्री ट्रकना द्यावं. पण गाड्या बाहेर पडायची आणि ट्रक आत यायची वेळ नेमकी एकच! शिवाय गाड्यांसाठी केलेली फरसबंदी भरलेल्या ट्रकखाली खचेल, आणि लांब ट्रेलर त्या वळणांवर वळणारही नाही.

कुणी प्रदर्शनाच्या आयोजनात किंवा स्टॉल उभारणीत काम केलंय का? पार्किंग खरोखर रिकामं व्हायला किती वेळ लागतो? ट्रकना ठरावीक वेळ दिली तर चालक ती पाळतात का, की सगळे आधीच येऊन उभे राहतात? आणि संपूर्ण पार्किंगऐवजी एकच पट्टा जाड काँक्रीटचा करून त्याला वेगळं फाटक दिलं, तर भागेल का?

आराखडा पुढच्या आठवड्यात गोठवायचा आहे. त्यानंतर फाटकाची जागा बदलता येणार नाही.