टी-६ टेक्सनची विद्युत प्रतिकृती: मोटर आणि पंख

प्रश्न: दुसऱ्या महायुद्धात असंख्य वैमानिकांना घडवणाऱ्या टी-६ टेक्सनची रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती मी १:१० प्रमाणात बाल्सा लाकडात बांधत आहे. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे १२.८ मीटर असल्याने माझा १.२८ मीटर होईल, आणि वजन दीड किलोच्या आसपास राहील. मोटर किती क्षमतेची घ्यावी?

उत्तर १: दर किलोला सव्वादोनशे वॅट धरले, तर सुमारे ३४० वॅट लागतील. चार सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर हा प्रवाह २३ अँपिअर होतो. तेव्हा वेगनियंत्रक ४० अँपिअरचा असावा.

उत्तर २: मला मोटरपेक्षा पंखाची काळजी अधिक वाटते. टेक्सनचा पंख टोकाकडे निमुळता होत जातो, त्यामुळे उतरताना वेग फार कमी झाला की टोकाची उचल आधी संपते आणि विमान क्षणात एका अंगावर कोसळते. म्हणून बांधतानाच टोकाची मागची कड किंचित वर उचलून सुमारे दोन अंशांचा पीळ द्यावा. पंख एकदा मढवल्यावर ही दुरुस्ती फार कठीण जाते. नाक आखूड असल्याने बॅटरी शक्य तितकी पुढे ठेवावी आणि गुरुत्वमध्य सरासरी पंखरुंदीच्या पुढून २५ टक्क्यांवर आणावा.

प्रश्नकर्ता: पंखाच्या फासळ्या कापल्या आहेत, पण अद्याप चिकटवलेल्या नाहीत. पीळ आताच देतो.